दरवर्षी एक फोटो : सण, कुटुंब आणि काळ

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर एका श्रोत्यांनी मला विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. घरगुती फोटोंशी तुमचं काय काम?" प्रश्न रास्त आहे. तत्त्वज्ञानाचा माणूस काळाबद्दल, ओळखीबद्दल, मृत्यूबद्दल बोलतो, आणि हे सगळं फार मोठमोठ्या शब्दांत बोलायची आम्हाला सवय असते. पण सामान्य माणसाला काळ प्रत्यक्ष कुठे दिसतो? आरशात दिसत नाही, कारण आरसा रोजचा आहे. घड्याळात नुसता आकडा दिसतो. काळ दिसतो तो जुन्या फोटोंत. आणि एकच माणसं, एकाच सणाला, एकाच जागी, दरवर्षी उभी राहत असतील तर तो फारच स्पष्ट दिसतो. म्हणून आज मी एका साध्या घरगुती रिवाजाचा इतिहास सांगणार आहे : वर्षातून एकदा, सणाच्या किंवा सुट्टीच्या दिवशी, घरच्यांचा एक फोटो.

सुरुवात कुठून करायची? फोटोच्या आधी टपालापासून करू. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर कुठेही पत्र पाठवायची सोय झाली. या सुधारणेसाठी झटलेल्यांपैकी एक हेन्री कोल. त्यांना नाताळात इतकी पत्रं येऊ लागली की उत्तरं देणं होईना. तेव्हा १८४३ साली त्यांनी जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याच्या हजारएक प्रती छापल्या. नाताळचं पहिलं छापील भेटकार्ड म्हणतात ते हे. आता त्या कार्डावर काय आहे बघा. दोन्ही कडांना गरिबांना अन्न आणि कपडे देण्याची छोटी चित्रं आहेत. आणि मधोमध? येशूचा जन्म नाही, चर्च नाही. मधोमध एक कुटुंब आहे. तीन पिढ्या टेबलाशी बसून पेले उंचावताहेत आणि चित्र पाहणाऱ्याकडे बघताहेत. त्यात एका लहान मुलीच्या तोंडालाही पेला लावलाय, त्यावरून दारूबंदीवाल्यांनी ओरड केली, ती गोष्ट वेगळी. मुद्दा असा, की घराने स्वतःचं चित्र सणाच्या निमित्ताने जगाला पाठवायचं, ही कल्पना फोटोच्या आधी कागदावर तयार होती. कॅमेऱ्याने तिच्यात आपले खरे चेहरे भरले.

पुढचा भाग भरभर सांगतो. दागेरचं तंत्र १८३९ साली जाहीर झालं. १८५४ साली पॅरिसच्या दिस्देरीने पत्त्यासारख्या लहान आकाराच्या स्वस्त फोटोंचं पेटंट घेतलं आणि मध्यमवर्गाला स्वतःचा चेहरा परवडू लागला. १८८८ साली ईस्टमनचा कोडॅक आला, १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी आला, आणि १९०३ साली कोडॅकने असा कॅमेरा काढला की त्याची निगेटिव्ह थेट पोस्टकार्डाच्या आकाराची. म्हणजे घरी काढलेला फोटो पोस्टकार्डाच्या कागदावर उतरवा, मागे पत्ता लिहा, तिकीट लावा, झालं. टपाल आणि फोटो यांचं लग्न लागलं ते असं. कोडॅकच्या जाहिराती पुढे कितीतरी वर्षं नाताळच्या भेटीसाठी कॅमेरा घ्या म्हणून सांगत राहिल्या. नाताळला कॅमेरा मिळाला की पहिला फोटो कशाचा निघणार? नाताळचाच.

आता मी एका जोडप्याकडे येतो. याच्याजवळ मला जरा रेंगाळायचं आहे.

बर्लिनमध्ये रिचर्ड आणि अॅना वाग्नर नावाचं जोडपं राहत होतं. नावावरून घोटाळा नको, प्रसिद्ध संगीतकार वाग्नरशी यांचा संबंध नाही. हे रिचर्ड वाग्नर रेल्वेतले अधिकारी, हौशी छायाचित्रकार. १९०० सालच्या नाताळात, लग्न ताजं असताना, त्यांनी दोघांचा घरातला एक फोटो काढला. मग हा रिवाजच झाला. घरातली खोली, सजवलेलं झाड, भेटवस्तूंचं टेबल आणि ते दोघं. दोघंही चित्रात असायचे, म्हणजे कॅमेरा स्वतःच लावून, शटर आपोआप किंवा लांबून पडेल अशी तजवीज करून काढलेले हे फोटो. त्यांची कार्डं करून स्नेह्यांना नाताळच्या शुभेच्छा म्हणून पाठवायची. १९०० ते १९४२ या काळातले असे फोटो आज उपलब्ध आहेत. अॅना १९४५ साली गेल्या. बर्लिनच्या शार्लोटनबुर्ग भागातल्या स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयात हा ठेवा आला आणि बिर्गिट योखेन्स यांनी १९९६ साली त्याचं पुस्तक केलं.

जर्मन घरांत २४ डिसेंबरच्या संध्याकाळी भेटी देण्याची पद्धत आहे. भेटी टेबलावर मांडून ठेवतात, पाडव्याला आपण ओवाळणी ताटात ठेवतो तशा. वाग्नर दांपत्य हे टेबल फोटोत मुद्दाम दिसेल असं मांडायचं. त्यामुळे झालं काय, की त्यांच्याही नकळत दर वर्षी त्या घराच्या मिळकतीचा, आवडीनिवडीचा आणि देशाच्या परिस्थितीचा एक पंचनामा तयार होत गेला. विसाच्या दशकात त्या टेबलाच्या आसपास विजेवर चालणारी घरगुती यंत्रं येतात, व्हॅक्यूम क्लीनर येतो. मध्यमवर्गाच्या घरात वीज कशी शिरली याबद्दल अर्थशास्त्राचं एखादं प्रकरण वाचावं, तितकं त्यातून कळतं.

आणि १९१७ चा फोटो. पहिलं महायुद्ध चौथ्या वर्षात होतं. आदल्या हिवाळ्यात जर्मन लोकांनी बटाट्याऐवजी जनावरांना घालायचे कंद खाऊन दिवस काढलेले, आणि आता कोळशाची टंचाई. त्या वर्षीच्या फोटोत नवराबायको आपल्या घरात, नाताळच्या झाडाशेजारी, अंगात ओव्हरकोट घालून आहेत. खोली गरम करायला कोळसाच नाही. इतिहासाच्या पुस्तकात आपण वाचतो की दोस्तांच्या नौदलाने जर्मनीची नाकेबंदी केली होती आणि नागरिकांचे हाल झाले. वाचतो आणि पान उलटतो. पण घरात कोट घातलेली ती दोन माणसं बघितली की नाकेबंदी म्हणजे काय ते समजतं. आणि लक्षात घ्या, हा एकच फोटो सुटा मिळाला असता तर आपण म्हणालो असतो, बाहेर जायच्या तयारीत असतील. आदल्या सगळ्या वर्षी ते साध्या घरच्या पोशाखात होते, हे माहीत आहे म्हणून तो कोट बोलतो. मालिकेची ताकद ती हीच. बाकी सगळं तेच ठेवलं की जे बदललं ते उठून दिसतं. प्रयोगशाळेत आपण दुसरं काय करतो?

हेच जोडपं पुढे १९२३ ची चलनवाढ जगलं, जेव्हा नोव्हेंबरात एका डॉलरला चार लाख कोटींहून जास्त मार्क मोजावे लागत होते. ते हिटलरचा काळही जगलं. आणि इथे माझ्या विषयातली अवघड गोष्ट सुरू होते.

१८ ऑक्टोबर १९४१ रोजी बर्लिनच्या ग्रुनवाल्ड स्टेशनातून हजारावर ज्यू नागरिकांना घेऊन पहिली गाडी पूर्वेकडे निघाली. नंतर कितीतरी गाड्या गेल्या. आज त्या स्टेशनात सतरा क्रमांकाच्या फलाटावर त्याचं स्मारक आहे. हे सगळं त्याच शहरात घडत होतं. माणसं रस्त्यावरून नेली जात होती, घरं रिकामी होत होती. नाताळचा फोटो हे दाखवतो का? नाही. तो खोली दाखवतो, झाड दाखवतो, टेबल दाखवतो. वाग्नर दांपत्यावर मी आरोप करत नाही. त्यांच्या मनात काय होतं ते फोटोवरून ठरवायचा मला अधिकार नाही. मी फोटोच्या स्वभावाबद्दल बोलतोय. कोळसा संपला तर तो फोटोत दिसतो, कारण त्याची झळ त्या खोलीत पोचते. शेजारी नाहीसा झाला तर तो दिसत नाही, कारण तो कधी चौकटीत नव्हताच. घरगुती फोटोला इतिहासाचा साक्षीदार म्हणताना हे विसरायचं नाही. तो प्रामाणिक साक्षीदार आहे, पण त्याला फक्त आपल्या चार भिंतींतलं माहीत आहे.

आता काही विद्वान याहून कडक बोलतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू यांनी १९६५ साली सहकाऱ्यांबरोबर फोटोग्राफीच्या सामाजिक वापरावर एक पुस्तक काढलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : कुटुंब एकत्र आहे म्हणून फोटो निघतो, हे अर्धंच खरं. फोटो काढण्याची कृती कुटुंबाला एकत्र आणते, तो एक संस्कारच आहे. ज्या घरात मुलं आहेत तिथे कॅमेरा जास्त आढळतो, आणि तो बाहेर निघतो सणासमारंभाला आणि सुट्टीत. अमेरिकेत सुझन सोंटॅग यांनी १९७७ च्या आपल्या पुस्तकात याच्या पुढची गोष्ट सांगितली. त्यांच्या मते, उद्योगप्रधान देशांत मोठी एकत्र कुटुंबं मोडायला लागली नेमकी त्याच सुमारास घरगुती फोटोचा रिवाज बळावला. जे हातातून सुटत होतं ते कागदावर धरून ठेवायची धडपड.

मला हे पटतं, पण यातून कुणी असा निष्कर्ष काढला की सणाचा फोटो म्हणजे सगळा देखावा, तर मी तो मानणार नाही. फोटोसाठी हसलो म्हणजे खोटं हसलो, असं नसतं. लग्नात मंगलाष्टकं म्हणताना सगळे गंभीर होतात, ते काय ढोंग असतं का? विधी माणसाला विशिष्ट पवित्रा घ्यायला लावतो, आणि बरेचदा त्या पवित्र्यातून खरी भावना जागी होते. दोन भाऊ वर्षभर बोललेले नसतात. फोटोसाठी आई त्यांना शेजारी उभं करते. तेवढ्या क्षणापुरता खांद्याला खांदा लागतो. पुढे समेट होवो न होवो, तो स्पर्श झाला हे खरंच असतं.

आता अमेरिकेत जाऊ. १९७५ सालच्या जुलै महिन्यात, कनेक्टिकट राज्यातल्या न्यू केनन इथे, निकोलस निक्सन या छायाचित्रकाराने आपली बायको बीबी आणि तिच्या तीन बहिणींचा एक फोटो काढला. आदल्या वर्षीही काढला होता, पण तो मनासारखा नव्हता म्हणून टाकून दिला. या वेळी त्या उभ्या होत्या अशा : डावीकडून हेदर, मिमी, बीबी, लॉरी. बीबी तेव्हा २५ वर्षांची, हेदर २३, लॉरी २१ आणि मिमी अवघी १५. पुढच्या वर्षी लॉरीच्या पदवीदानाला सगळ्या जमल्या तेव्हा पुन्हा त्याच क्रमाने फोटो निघाला, आणि दोन फोटो शेजारी ठेवल्यावर ठरलं की आता हे दरवर्षी करायचं. क्रम तोच. कॅमेरा मोठा, तिपाईवरचा, ज्याची निगेटिव्ह आठ बाय दहा इंचांची. त्या दिवशी फोटो कितीही काढले तरी मालिकेत जायचा एकच. २०२२ साली मालिका थांबली तेव्हा फोटो झाले होते ४८. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात या मालिकेची प्रदर्शनं झाली आहेत, आणि लोक ती बघताना रडले आहेत.

का रडतात? त्यांना या बहिणींबद्दल काही म्हणजे काही माहीत नसतं. फोटोखाली गाव आणि साल, एवढंच. कुणाचं लग्न झालं, कुणाला काय आजार झाला, कोण कुणावर रुसली होती, काही सांगितलेलं नाही. एखाद्या वर्षी एकीचा हात दुसरीच्या कमरेभोवती असतो, एखाद्या वर्षी नसतो. आणि वर्षागणिक चेहरे बदलत जातात. दोन लागोपाठच्या फोटोंत तुम्ही बोट ठेवून फरक दाखवू शकत नाही. पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवा, मग धस्स होतं.

इथे मला माझ्या विषयाकडे वळू द्या, फार वेळ घेणार नाही. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिनँडर म्हणजे मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. पाळण्यातलं मूल आणि आजचा मोठा माणूस एकच का, असा तिथे प्रश्न निघतो. नागसेन दिव्याचा दृष्टान्त देतात. रात्रभर जळणारा दिवा घ्या. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत तीच आहे का? तीच म्हणता येत नाही, कारण तेल जळत गेलं, क्षणाक्षणाला नवी ज्योत. पण दुसरी आहे असंही म्हणता येत नाही, कारण दिवा एकच, मध्ये विझलाच नाही. निक्सन यांच्या मालिकेसमोर उभं राहिलं की हा दृष्टान्त वाचावा लागत नाही, दिसतो. पंधरा वर्षांची मिमी आणि साठी ओलांडलेली मिमी.

आणि दुसरं, केंब्रिजचे मॅक्टॅगर्ट. १९०८ साली त्यांनी काळ असत्य आहे असं सिद्ध करायचा प्रयत्न केला. तो सिद्धान्त बाजूला राहू द्या, त्यांनी केलेला एक भेद मात्र आपल्या कामाचा आहे. काळ आपण दोन प्रकारे लावतो. एक, 'याच्या आधी, त्याच्या नंतर'. हा क्रम कायमचा, बदलत नाही. १९१७ हे १९२७ च्या आधी, ते कायमच आधी राहणार. दुसरा, 'भूत, वर्तमान, भविष्य', आणि हा सारखा सरकतो. अल्बममध्ये फक्त पहिला काळ असतो : एकामागोमाग एक पानं. 'आत्ता' अल्बममध्ये कुठेच नसतो. तो अल्बम उघडणाऱ्याकडे असतो. म्हणून तोच फोटो दहाव्या वर्षी वेगळा, चाळिसाव्या वर्षी वेगळा, आणि त्यातला एक माणूस गेल्यानंतर अगदीच वेगळा. कागदावरचा ठिपकाही हललेला नसतो. आपण हललेलो असतो.

माणूस जाण्याची गोष्ट निघालीच आहे. अर्जेंटिनात दिएगो गोल्डबर्ग हे छायाचित्रकार आहेत. १९७६ पासून दर १७ जूनला ते स्वतःचा, पत्नीचा आणि मग जन्मलेल्या तीन मुलगांचा समोरून एकेक फोटो काढत आले. आडव्या ओळीत एक वर्ष, उभ्या रकान्यात एक माणूस. जन्मल्यावर रकाना सुरू होतो. तो तक्ता भरत जाताना बघायला आनंद वाटतो.

त्याच देशात, त्याच १९७६ साली मार्च महिन्यात लष्कराने सत्ता घेतली. १९८३ पर्यंत ती राजवट चालली. घराघरांतून तरुण मुलं उचलून नेली गेली आणि परत आली नाहीत. मानवाधिकार संघटना ३०,००० हा आकडा सांगतात. गुस्तावो हेर्मानो हा चार भावांपैकी एक. त्याचा भाऊ एदुआर्दो १८ वर्षांचा असताना १९७६ च्या डिसेंबरात असाच नाहीसा झाला. तीस वर्षांनी, २००६ च्या सुमारास, छायाचित्रकार झालेल्या गुस्तावोने एक काम हाती घेतलं. अशा घरांतले जुने, साधे, सुट्टीतले, सणातले फोटो घ्यायचे. ज्या जागी तो फोटो काढला त्याच जागी उरलेल्या माणसांना न्यायचं आणि त्याच पद्धतीने उभं करायचं. गेलेल्याची जागा रिकामी ठेवायची. दोन फोटो शेजारी. त्याच्या स्वतःच्या घरची जोडी आहे : १९६९ च्या फोटोत चार भाऊ, २००६ च्या फोटोत तीन. या कामाचं नाव त्याने ठेवलं, 'अनुपस्थिती'.

यात कुठे रक्त नाही, बंदूक नाही, घोषणा नाही. तीन मध्यमवयीन माणसं उभी आहेत, आणि त्यांच्या ओळीत एक फट आहे. त्या राजवटीचा सगळा प्रयत्न असा होता की ही माणसं कधी नव्हतीच असं भासावं : प्रेत नाही, नोंद नाही, थडगं नाही. त्याला पुरावा काय? घरचा एक फोटो, ज्यात तो मुलगा भावांबरोबर उभा आहे. १९७७ पासून ब्युनोस आयर्सच्या चौकात ज्या आया दर आठवड्याला फेरी घालू लागल्या, त्यांच्याही हातांत आणि गळ्यांत हेच होतं : मुलांचे फोटो, बरेचसे घरच्या अल्बममधले. सहज काढलेला घरगुती फोटो सत्तेच्या विरुद्ध पुरावा होऊ शकतो. म्हणून हा विषय मला निव्वळ गोड वाटत नाही.

आता आपल्याकडे काय? मुंबईत फोटोग्राफी फार लवकर आली. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉक्टर भाऊ दाजी लाड आपल्याला माहीत असतात, पण त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हे या सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक, हे सहसा माहीत नसतं. म्हणजे तंत्र आलं लवकर, पण घरात रुजायला वेळ लागला. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, ही समजूत माझ्या आजीच्या पिढीपर्यंत होती. आणि भिंतीवरचा फोटो म्हणजे देवाचा किंवा गेलेल्या माणसाचा. जिवंत माणसाचा फोटो भिंतीवर लावला तर घरातले म्हातारे नाराज व्हायचे.

त्यामुळे आपल्याकडे सणाच्या ग्रुप फोटोचं एक वेगळंच काम होतं, ते कुणी बोलून दाखवत नसे. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की फोटो शोधायची धावपळ. एकट्याचा फोटो नसायचाच. मग दिवाळीचा किंवा गणपतीचा ग्रुप फोटो घेऊन स्टुडिओत जायचं आणि सांगायचं, "यातला हा चेहरा काढून मोठा करून द्या." शेजारच्याचा खांदा पुसून, मागचा पडदा रंगवून, तो चेहरा चौकटीत यायचा आणि त्याला हार पडायचा. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी आजोबांचा जो फोटो आहे, तो असा गर्दीतून उचललेला आहे. नीट बघा, नजर किंचित बाजूला असते. तिथे एखादं नातवंड चुळबुळ करत असणार.

आपल्या ग्रुप फोटोची रचनासुद्धा वाचण्यासारखी असते. मधल्या खुर्च्यांवर वडीलधारी, मागे मुलगे आणि सुना, पुढे सतरंजीवर पोरं. नात्याचा पूर्ण तक्ता. आता निक्सन यांच्या चार बहिणी आठवा. दरवर्षी चार बहिणी एका ओळीत! आपल्याकडच्या पूर्वीच्या घरात हा फोटो निघणंच अवघड होतं, कारण मुलगी लग्न होऊन गेली की लक्ष्मीपूजनाच्या फोटोत ती सासरच्या रांगेत, मागच्या ओळीत, कडेला. माहेरच्या फोटोत ती येणार भाऊबीजेला, तीही आली तर. अल्बम चाळताना बघा : एखादी आत्या एका वर्षानंतर एकदम दिसेनाशी होते. कुणी मेलेलं नसतं. लग्न झालेलं असतं. पहिल्या दिवाळसणाला ती जावयासह मध्यभागी येते, आणि मग पुढे कधीतरी. पंचांगातला भाऊबीजेचा तो एक दिवस नसता तर कितीतरी भावंडांचे एकत्र फोटोच निघाले नसते.

कोकणातल्या घरांत हे काम गणपती करतो. मुंबईचे चाकरमानी गावी येतात, आणि विसर्जनाच्या आधी मखरासमोर सगळ्या घराचा एक फोटो. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत तो नाताळच्या गोठ्यासमोर निघतो. सण कोणता याने फार फरक पडत नाही. लागतं ते एवढंच, की सगळ्यांनी घरी यायचा दिवस ठरलेला असावा.

आणि फोटो महाग होता. आमच्या तरुणपणी कुणाकडे आगफाचा क्लिक थ्री असला तर मोठी गोष्ट. एका रोलमध्ये फोटो १२. तो रोल गणपतीला सुरू व्हायचा आणि दिवाळीला संपायचा, मग धुवायला जायचा. बारांतले दोन हललेले, एकात कुणाचे डोळे मिटलेले. उरलेले अल्बममध्ये, काळ्या कागदावर, कोपऱ्यांना चिकटपट्ट्या लावून. आमच्या घरच्या त्या अल्बममध्ये माझे वडील जवळजवळ नाहीतच. कॅमेरा त्यांच्या हातात असायचा. निक्सन यांच्या काही फोटोंत बहिणींच्या अंगावर त्यांची स्वतःची सावली पडलेली दिसते. वडिलांची तशी सावलीसुद्धा मला कुठे सापडलेली नाही. पण मी आता ते फोटो असे बघतो : आई ज्याच्याकडे बघून हसतेय, तिथे ते उभे आहेत. अशीच आणखी काही माणसं चौकटीबाहेर असतात. सणाचा स्वयंपाक करणारी बाई, "तुम्ही काढा हो, मी येते मागाहून" म्हणणारी काकू, फोटोच्या वेळी बाजूला सरकणारा गडी. मघाशी बर्लिनबद्दल जे म्हटलं ते आपल्यालाही लागू आहे. कोण दिसतं हे पाहून झालं की कोण दिसत नाही हेही पाहावं.

आता शेवटाकडे येतो. तुम्ही म्हणाल, हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, रोज पन्नास फोटो निघतात, मग वर्षातून एका फोटोचं कौतुक कशाला? मला वाटतं, उलट आता त्याची गरज जास्त आहे. पन्नास हजार फोटोंतून काळ दिसत नाही. नदीत उभं राहून नदीची रुंदी दिसत नाही, तसं. काळ दिसायला अंतर लागतं, नियम लागतो. तीच जागा, तोच दिवस, तोच क्रम, आणि एकच फोटो. वाग्नर आणि निक्सन यांच्याकडे आपल्याहून चांगलं यंत्र नव्हतं. त्यांच्याकडे चिकाटी होती, आणि 'यंदा राहू दे' असं म्हणायचा मोह त्यांनी टाळला. यंदा राहू दे, असं आपण कधी म्हणतो? घरात आजारपण आहे, धंदा बसला, मुलगा परदेशी, कुणाचं तरी बिनसलं. पण १९१७ साली कोळसा नाही म्हणून वाग्नर यांनी फोटो टाळला असता तर आपल्याला तो कोट दिसला नसता. चांगल्या वर्षांचे फोटो सगळेच काढतात. वाईट वर्षाचाही काढला, तरच ती मालिका खरी होते.

तेव्हा तीन व्यावहारिक गोष्टी सांगतो आणि थांबतो. एक, फोटो कागदावर छापून घ्या आणि मागे पेन्सिलीने साल, गाव आणि सगळ्यांची पूर्ण नावं लिहा. 'ताई, बापू, पिंट्या' लिहू नका, पन्नास वर्षांनी पिंट्या कोण ते कुणालाही कळणार नाही. दोन, ज्याच्या हातात कॅमेरा आहे त्याचंही नाव लिहा, आणि शक्य असेल तर एक फोटो तिपाईवर लावून काढा, म्हणजे तोही येईल. तीन, त्या वर्षी जो आला नाही, येऊ शकला नाही किंवा आता येणारच नाही, त्याची जागा भरून काढायची घाई करू नका. एखादी खुर्ची रिकामी राहिली तर राहू द्या. तुमच्या नातवंडांना त्या खुर्चीबद्दल विचारावंसं वाटेल, आणि तुम्हाला सांगावं लागेल.